मोरीचा मान

“कोरड्या माळावरची सून, तिला मोरीतलं काय कळणार?” पाटील सासरे कुजबुजले, ते नव्या नवरीने, बकुळा घुशीने, भिंतीआडून ऐकलं. टेकडीच्या उतारावर घुशींचं गाव होतं, तेव्हाची ही गोष्ट.

बिळं वाढली, सांडपाणी तुंबलं, म्हणून ओढ्यापर्यंत मोरी खणायची ठरली. खणणाऱ्यांच्या पोटासाठी घरटी मूठभर ज्वारी जमली.

“मान पाटलांचा! सुरुवात वरच्या बिळापासून,” सासऱ्यांनी सांगितलं.

बकुळा कुतूहलाने हुंगत ओढ्यापर्यंत गेली, पावलं मोजत परतली. ज्वारी निम्म्या वाटेतच संपून खणणं थांबणार होतं, आणि तिथेच गावाचं कोठार होतं.

सभेत ती हळूच म्हणाली, “मामंजी, मान तुमचाच, पण खणायला ओढ्याकडून लागा. नाहीतर अख्ख्या गावाचं सांडपाणी कोठारात मुक्कामाला येईल.”