चाळीस वर्षांची वाइन आणि पिकदाणी

फार जुनी गोष्ट. फ्रान्समधल्या एका तळघरात वाइनची एक बाटली चाळीस वर्षं आडवी पडून होती. तिला एकच आस होती, मोठ्या पारख्यानं आपल्याला प्यावं.

एकदा पारखी आला. त्यानं घोट घेतला, डोळे मिटले, "अप्रतिम!" म्हणाला आणि पचकन पिकदाणीत थुंकला.

"अगं बाई, थुंकला मला!" बाटली किंचाळली.

"पारखी असेच असतात, आजी, चव घेतात नि थुंकतात. तुमच्यासारख्या सगळ्या राण्या माझ्याच पोटात!" झिंगलेली पिकदाणी उचक्या देत म्हणाली.

पारखी वहीत शंभरपैकी शंभर गुण लिहून निघून गेला. उरलेली वाइन पिंपं धुणाऱ्या बायांनी पत्र्याच्या पेल्यांत ओतली आणि गाणी म्हणत, खिदळत पिऊन टाकली.

"यांनी किती गुण दिले, आजी?" पिकदाणीनं विचारलं.

"गुण कसले गं! उपडी करकरून हलवतायत मला, आणखी हवीय म्हणे!" बाटली हसत सुटली.