अंतरपाटाची हद्द

एका गावात एक भोळा नारबा होता. सांगितलेलं सगळं ऐकायचा, आणि तिथंच घात व्हायचा.

त्याच्या बहिणीचं, गोदीचं, लग्न ठरलं. पाठीशी मामा उभा नसेल तर नवरी बोहल्यावर जायची कशी? आईने नारबाच्या हातात पत्रिका दिली. "मामाला आवतण देऊन ये. पत्त्यावर लिवलंय तसंच कर."

पत्त्यावर होतं: मु. पो. निंबगाव बुद्रुक. नारबाने वाटेत शाळेच्या मास्तरांना विचारलं, "मु. पो. म्हंजी?"

"मुक्काम पोस्ट."

नारबाने निंबगावचं पोस्ट गाठलं, घोंगडी अंथरली आणि मुक्काम केला. दोन दिवस हलला नाही. पोस्टमास्तर कावले. "अरे, पोस्टात राहायचं नसतं! शिक्का मारायचा आणि पुढे जायचं!"

बरं. नारबा मामाच्या घरी गेला. कुंकवात अंगठा बुडवला आणि मामाच्या कपाळावर दाबला. मामीच्या दाबला. म्हशीच्याही दाबला. आणि पुढे गेला. पत्रिका खिशातच राहिली.

आई म्हणाली, "आरं येड्या, मामा काय पाकीट हाय? हाताला धरून आणायचा त्याला!"

बरं. नारबा पुन्हा निघाला. वाटेत ओढ्याच्या अलीकडे निंबगाव खुर्द लागतं. तिथं पारावर एक म्हातारा बसला होता.

"तुमी मामा हाय का?"

"हाय की. सात भाच्यांचा."

नारबाने त्याला हाताला धरलं आणि घरी आणलं. म्हातारा वाटभर ओरडत होता. नारबाला वाटलं, मामा लाजतोय.

आईने कपाळावर हात मारला. "ह्यो खुर्दचा! आपला मामा बुद्रुकचा. दोन गावांच्या मधी हद्द असती, बाबा. इकडचं इकडं, तिकडचं तिकडं. तहसीलदाराच्या शिक्क्याबिगर ती कुणी हलवायची नाही. ध्यानात ठेव!"

नारबाने ध्यानात ठेवलं. मामाला आणायला आई स्वतःच गेली.

लग्नाचा दिवस उजाडला. नवरा पलीकडच्या तालुक्यातला. नारबाला एकही काम सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं. पण पाठच्या भावाचा मान ठेवायला हवा ना? म्हणून अंतरपाटाचं एक टोक त्याच्या हाती दिलं. दुसरं टोक नवऱ्याच्या भावाकडे. नुसतं धरून उभं राहायचं, त्यात काय चुकणार?

मंगलाष्टकं संपली. भटजी म्हणाले, "काढा अंतरपाट!"

नारबाने मूठ आवळली. "कसा काढू? इकडं आमचा तालुका, तिकडं त्यांचा. मधी ही हद्द. तहसीलदाराचा शिक्का आणा."

मामाने हिसका दिला. भटजींनी घड्याळ दाखवलं. मुहूर्ताला दोन मिनिटं उरली होती. हातातला हार सावरत गोदी रडकुंडीला आली. आई धावत आली, कुंकवात अंगठा बुडवला आणि नारबाच्या कपाळावर कचकन दाबला. "ह्यो घे शिक्का, मुडद्या!"

नारबाने कपाळ चाचपलं. शिक्का बसला होता. शिक्का बसला की पुढे जायचं. त्याने टोक सोडलं आणि सरळ पंगतीत जाऊन बसला.

मांडवाने सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात नवऱ्याच्या भावाने ते टोक झेललं. दोन्ही हात पसरून, अंतरपाट ताणून तो उभा राहिला.

"ह्यो झाला तुमच्या तालुक्याचा शिक्का," तो म्हणाला. "आमच्या तालुक्याचा कुठाय?"

आईने कुंकवाचा करंडा विहीणबाईंच्या हातात दिला.