गुंडूनं तडा शोधला

एका गावात एक भोळा गुंडू होता. भोळा आपलं म्हणायचं, गावाचा शब्द वेगळा होता. गावाबाहेर विमान चालवायला शिकवायचा क्लब होता आणि क्लबच्या अध्यक्षांचा हा मेहुणा. म्हणजे नोकरी आलीच.

काम साधं. उतरताना विमानाची चाकं दणकन आपटतात. चाकांवरचा पोलादी दांडा रोज तो मार खातो आणि एक दिवस त्याला केसाएवढा तडा जातो. तो शोधायचा. विमानं दुरुस्त करणाऱ्या साळोखे मिस्त्रींना मोतीबिंदू, म्हणून नजर गुंडूची. नजर घारीची होती हो. देवानं डोळे दिले, त्यांच्यामागं काही जोडायचं तेवढं विसरला. त्यात क्लबचा नियम असा, की तपासणीनंतर पहिल्या उड्डाणाला मिस्त्रींनीच आत बसायचं. म्हणजे मिस्त्रींचा जीव या ध्यानाच्या हातात!

"आपटून आपटून लोखंड थकतं, मग तडा जातो," मिस्त्रींनी शिकवलं.

गुंडूनं दांड्याला खोबरेल चोळलं, वर गोधडी गुंडाळली. "दमलाय बिचारा. झोपू दे."

"अरे शहाण्या, तेलाखाली तडा दिसेल का? तेल दिसलं की पुसून कोरडं ठणठणीत करायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी गुंडूनं चाकांच्या बेअरिंगमधलं वंगण पुसून काढलं. विमान ढकललं तर चाक असं किंचाळलं, की शेतातली माणसं धावत आली.

"हात लावू नको रे बाबा! नुसतं बघ. तडा दिसला की खडूनं खूण कर आणि काही जागचं हलू देऊ नको."

"बरं."

गुंडूला तडा दिसला. हँगरच्या भिंतीला. खूण केली, दाराला कुलूप घातलं. विमानं आत, शिकणारे बाहेर उन्हात, आणि हा पठ्ठ्या दारात पहारा देतोय.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "भिंतीच्या तड्याचं काय एवढं? फटीत लांबी भरायची, वर रंग मारायचा, मिटलं!"

"आधी नाही का सांगायचं?"

आणि मग दांड्याला खरंच तडा गेला. गुंडूला तो बरोबर सापडला. त्यानं लांबी भरली, घासली, वर रंगाचे दोन हात मारले.

"दिसतोय का रे तडा?" मिस्त्रींनी विचारलं.

गुंडूनं वाकून, निरखून बघितलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "आता नाही दिसत."

मिस्त्री विमानात बसले. उतरताना दांडा कडाडकन मोडला, विमान गवतात लोळलं. वैमानिक बाई शिव्या घालत चालत बाहेर आल्या. मिस्त्रींना मात्र उचलावं लागलं.

"गाढवा!" मिस्त्री पडल्या पडल्या ओरडले. "तडा गेलेलं कधी लिंपतात का? कापून काढायचं आणि नवं बसवायचं!"

"बरं," गुंडू म्हणाला. या वेळी त्यानं पक्कं ध्यानात ठेवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला. नडगीच्या हाडावर केसाएवढी रेघ. डॉक्टरांनी दाखवायच्या आधीच गुंडूनं बोट ठेवलं.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका मिस्त्री, प्लास्टर घालू, मिटलं."

"लिंपायचं नाही, डॉक्टर!" गुंडू खवळला. त्यानं पिशवीतून लोखंड कापायची करवत काढली आणि पलंगाशी मांडी घातली. "कापायचं मी बघतो. नवं कुठं मिळतं, तेवढं तुम्ही सांगा."