रावबाची बहीण

कळकवाडी संपली की गाडीरस्ताही संपतो आणि लाल मातीची चढण लागते. चढणीच्या माथ्यावर, ऐन कड्याच्या काठाला, गिरंज बंगला उभा आहे. त्याचे खरे नाव ॲशकॉम्ब ग्रेंज. फाटकाच्या खांबावर ते इंग्रजीत कोरलेले अजून वाचता येते. पण गावाच्या जिभेला त्यातले जेवढे पेलले तेवढेच तिने ठेवले. काळ्या दगडाच्या जाड भिंती, उंच निमुळत्या खिडक्या, उतरत्या छपरातून वर आलेली दोन धुराडी. ॲशकॉम्ब साहेबाने, गावाच्या तोंडी आसकम साहेबाने, विलायतेतले आपल्या वडिलांचे घर आठवून आठवून हे घर बांधले, म्हणे. इथला पाऊस कसा असतो ते मात्र त्याला कुणी सांगितले नसावे, कारण पश्चिमेची भिंत भर उन्हाळ्यातही शेवाळ्याने हिरवी असते.

लोक येतात ते भूत बघायला. बागेत पांढरी बाई फिरते, बंद खोलीतून गुणगुणणे ऐकू येते, कुणी नसताना चाके करकरतात, असे काय काय ऐकून आलेले असतात. फाटकापाशी बसणारे केसूआबा उतेकर त्यांना आधी पाणी देतात. मग म्हणतात, "फिरते, खरं आहे. पण तिला भूत म्हणू नका. बसा, सांगतो."

आबा सांगतात ती हकीकत अशी.

साहेब घाटातले रस्ते आखण्याच्या कामावर होता. महिना महिना तो तंबूतच राही. बंगल्यात त्याची मडम आणि तिचा लहानगा मुलगा. मुलाचे नाव रॉबिन. गाव त्याला रावबा म्हणे. मडम त्याला बाबागाडीत घालून रोज सकाळी बागेतून फिरवायची. पुढे एका पावसाळ्यात रावबाला ताप भरला आणि तो उतरलाच नाही. बागेतल्या जांभळीखाली त्याला पुरले. वर पांढरा दगड बसवला.

मडम त्यानंतर फाटकाबाहेर आली नाही. पण सकाळी ती अंगात पांढरा झगा घालून बागेत यायची आणि रिकामी बाबागाडी ढकलत जांभळीभोवती फिरायची. गात गात फिरायची. गवताला वर गेलेल्या बायांनी ते कुंपणापलीकडून पाहिले आणि गावात भीती पसरली. रिकाम्या गाडीत मडम कुणाला फिरवते? पोरे हट्टाला पेटली की आया म्हणू लागल्या, "गप बस, न्हाईतर मडम गाडीत घालून नेईल." म्हणजे बाई जिवंत असतानाच गावाने तिचे भूत केले होते, असे आबा म्हणतात.

हौसा याच गावची सून. नवरा मुंबईला गोदीत कामाला, घरात सासू आणि ती. शिमग्यानंतर ती बाळंत झाली, मुलगी झाली. बारसे व्हायचे होते, तोच गावात पटकीची साथ आली. सकाळी बोलणारे माणूस सांजेला नसायचे. ज्यांना चालता येत होते ते रानात खोपी बांधून राहिले. हौसाची सासू गेली. तिला उचलायला कशीबशी चार माणसे मिळाली, आणि दुसऱ्याच पहाटे हौसाच्या पोटात पीळ पडला.

तिला मरणाचे तितके भय वाटले नाही. भय वाटले ते वेगळेच. आपण इथे पडून राहू, कूस थंड होईल, आणि तिला बिलगून पोर रडत राहील. दार उघडायलाही कुणी येणार नाही. शेजारची दारे तिने वाजवून पाहिली. आतून आवाज आला नाही. तेव्हा तिने पोरीला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले आणि ती चढणीला लागली. गावात तिला ठाऊक असलेले एकच घर उरले होते जिथे अजून धुराड्यातून धूर निघत होता.

बसत, उठत, ओकत ती कशी चढली ते तिचे तिलाच ठाऊक. फाटक उघडे होते. मडम आत गेली असावी. जांभळीखाली बाबागाडी एकटी उभी होती. जिच्या नावाने गावची पोरे झोपेत दचकायची, तीच ती गाडी. हौसा तिच्यापाशी थांबली. आत मऊ गादी होती, झालरीची उशी होती, आणि उशीवर पडलेली जांभळीची पाने होती. तिने पाने वेचून टाकली.

"रावबा," ती म्हणाली, "तुझी जागा घेते बाबा. रागवू नको."

पोरीला तिने आत निजवले आणि आपला रोग घरात जाऊ नये म्हणून मागे न बघता निघाली. फाटकाबाहेर थोड्या अंतरावर ती कोसळली.

बंगल्याचा म्हातारा माळी बुधाजी पाणी आणायला निघाला होता, त्याने तिला पाहिले. बाकीचे नोकर साथीच्या भीतीने पळाले होते. बुधाजीला पळून जायला घर नव्हते. त्याने हौसाला फाटकाजवळच्या आपल्या खोपीत नेऊन टाकले. बागेत मडम ओरडली ती त्याने तिथूनच ऐकली. धावत गेला तर ती गाडीपुढे गुडघ्यांवर बसलेली. गाडीतली पोर तिच्या झग्याची लेस मुठीत घट्ट धरून होती.

"कुणाचं आहे ते मी सांगितलं तिला," बुधाजी पुढे सांगायचा, "पण तिच्या कानात काही शिरत नव्हतं. ती नुसती बघत होती."

मडमने पोरीला आत नेले, उकळलेले दूध पाजले. खोपीतल्या बाईसाठी तांदळाची पेज आणि उकळून गार केलेले पाणी बुधाजीच्या हाती ती पाठवत राहिली. हौसा जगली. कशी जगली हे कुणालाच सांगता येत नाही. अंगावरचे मांस गेले, केस गेले, दूध आटले, पण एके दिवशी ती भिंत धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माझी पोर द्या."

बुधाजी बंगल्यात विचारायला गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला.

मडम पोरीला द्यायला तयार नव्हती. हौसा पायऱ्यांपाशी गेली तर वर तिला खिडकीत मडम दिसली, खांद्यावर पोर घेतलेली. दोघींची नजर मिळाली आणि मडमने पडदा ओढला. दाराला आतून कडी बसल्याचा आवाज आला.

साथ ओसरत होती. रानातून परतलेल्या माणसांनी हे ऐकले आणि ती भडकली. "बघ, म्हणत न्हवतो? लेकराला गिळणार ती चेटकीण," म्हणत गावचा पाटील चार गडी आणि काठ्या घेऊन वर आला. हौसा फाटकात आडवी उभी राहिली. तिच्यात धड उभे राहायचेही बळ नव्हते.

"काठ्या घेऊन माघारी जा," ती म्हणाली. "माझी पोर रडत होती तवा तुम्ही कुणी दार उघडलं न्हाई. तिनं उचलून घरात घेतलं. मी तिला मागून घेईन."

माणसे खजील होऊन उतरली.

हौसा रोज सकाळी जांभळीखाली येऊन बसू लागली. हाका मारल्या नाहीत, रडली नाही. नुसते बसून काय करायचे म्हणून तिने थडग्यावरचा पालापाचोळा काढला, दगड पाण्याने धुतला, भोवतीचे गवत उपटले. मडम पडद्याआडून बघत असे. पडदा हलायचा, त्यावरून हौसाला कळायचे.

एका सकाळी पोर आत रडायला लागली आणि थांबेचना. मडम तिला घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत असावी. रडणे जवळ यायचे, लांब जायचे. हौसाने कानांवर हात ठेवले. आणि तेव्हा, असे सांगतात, आटलेल्या तिच्या छातीला पान्हा फुटला. चोळी भिजली. ती उठून पायऱ्यांशी गेली, दाराला हात लावला नाही, फक्त म्हणाली, "बाय, भूक लागलीय तिला. माझ्याकडं दूध हाय."

मडमला शब्द कळले की नाही कोण जाणे. कडी निघाली. दार उघडले. तिने हौसाची भिजलेली चोळी पाहिली, तिच्या हातांना लागलेली थडग्याची माती पाहिली. पोरीला तिने एकदा छातीशी घट्ट धरले आणि मग पुढे केले.

"तुझी," ती म्हणाली. नोकरांकडून शिकलेले तिचे तेवढेच मराठी होते. "ही तुझी. माझा... तिकडे." आणि तिने जांभळीकडे हात केला.

हौसा तिथेच पायरीवर बसली आणि पोरीला पदराखाली घेतले. मडम दारातच उभी होती. हौसाने तिचा झगा धरून तिला खाली, आपल्याजवळ बसवले. दोघी रडल्या. पोर पीत राहिली.

बारसे बंगल्याच्या ओसरीवर झाले. नाव राही ठेवले. कुर्र करून कानात नाव सांगायला आत्या हवी. ती साथीत गेली होती. तिच्या जागी मडम वाकली आणि तिला जमेल तसे 'राही' म्हणाली. त्यानंतर हौसा पोरीला घेऊन रोज वर जायची. गाडीचा दांडा एका बाजूने मडम धरी, दुसऱ्या बाजूने हौसा. गावातल्या बाया कुंपणाशी थांबून बघत. पुढे पुढे आत येऊन बसू लागल्या.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर साहेबाला कायमचे परत बोलावणे आले. सामान बांधले गेले. मडम मात्र उठेना. बुधाजी खाली येऊन हौसाला म्हणाला, "जेवत न्हाई, बोलत न्हाई. त्या दगडापाशी बसून राहिली आहे. साहेब समजावून थकला. म्हणते, लेकराला परक्या मुलखात एकटं कसं टाकू? त्याचं इथं कोण आहे?"

तो भाऊबीजेचा दिवस होता. तिने चुलीवरून ऊन पाणी काढून राहीला न्हाऊ घातले, नवे परकर-पोलके घातले. तांब्याच्या ताम्हणात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी ठेवली. बुधाजीला काय चालले आहे ते उमगले तसा तो गडबडला.

"हौसा, येडी का काय? मेलेल्याला कुणी ओवाळतं?"

"त्याची आई जिती हाय न्हवं?" हौसा म्हणाली. "तिच्या डोळ्याला तो दिसतो अजून. मग ओवाळायला काय झालं?"

उन्हे कलली होती. राही तेव्हा दुडुदुडू चालत होती. हौसाने तिच्या हाताखाली हात धरून ताम्हण पेलले. पांढऱ्या दगडावर, जिथे कपाळ असावे तिथे, राहीच्या बोटाने कुंकू लावले, अक्षता वाहिल्या, आणि निरांजन ओवाळले. मडम बघत होती. हौसा तिच्याकडे वळली.

"बाय, हिला भाऊ न्हाई. आता हाय. आणि ज्याला बहीण हाय तो एकटा कसा? तू जा सुखानं. माझी पोर हाय तवर ती ओवाळेल. ती गेली की तिची पोर ओवाळेल. माझ्या गावात बिनभावाची पोर असंल तवर रावबाची भाऊबीज चुकायची न्हाई. तुझ्या लेकाच्या दगडाला हात लावून सांगते."

बुधाजीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते मडमला समजावले. शेवटी त्याने सांगितले की ओवाळल्यावर भाऊ बहिणीच्या ताम्हणात काहीतरी घालतो. मडम उठली. आत जाऊन रावबाचा चांदीचा खुळखुळा घेऊन आली आणि आपल्या लेकाच्या वतीने तिने तो राहीच्या ताम्हणात ठेवला. मग हौसाच्या गळ्यात पडली. त्या सांजेला ती कितीतरी दिवसांनी जेवली, आणि सकाळी डोलीत बसून घाट उतरून गेली.

बंगला बंद झाला. हौसाला पुन्हा मूल झाले नाही. राहीला दुसरा भाऊ मिळाला नाही. ती दर भाऊबीजेला ताम्हण घेऊन वर जायची. परकरातली राही लुगड्यात आली, आणि मग एका सकाळी गवताला गेलेल्या बाया विळे टाकून धावत खाली आल्या. बागेत कुणी नाही आणि चाके करकरताहेत. कुणीतरी गुणगुणते आहे. गावात पुन्हा कुजबुज उठली. कुणी म्हणाले भगत आणा, कुणी म्हणाले नारळ फोडा.

हौसा एकटी वर गेली. फाटकात उभी राहून तिने ऐकले. तो सूर तिच्या ओळखीचा होता. तिची पोर त्या सुरावर कितीदा निजली होती. खाली येऊन तिने चूल पेटवली आणि भोवती जमलेल्यांना शांतपणे सांगितले, "घाबरू नका. विलायतेत बाईचे डोळे मिटले. सुटली आणि लेकापाशी आली, दुसरं काय?"

तेव्हापासून बागेतला तो आवाज ऐकून गावचे कुणी पळत नाही. तान्ही पोर किरकिरत असली तर आया तिला मुद्दाम कुंपणाशी नेतात. ती निजते, म्हणतात.

भाऊ नसलेल्या मुली एरवी भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. कळकवाडीत तसे करत नाहीत. आजही त्या संध्याकाळी इथल्या बिनभावाच्या मुली, लग्न होऊन लांब गेलेल्यासुद्धा, ताम्हण घेऊन चढण चढतात. आणि गावातल्या मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी विचारले, "भाऊ किती?" तर नाही असे उत्तर इथे कुणी देत नाही.

"आहे की एक," मुलीची आई सांगते. "धाकटा. वर बागेत असतो."