उचलून ढकलायचं फाटक

शपथेवर सांगतो, ही गोष्ट खरी आहे. मी तिथे नव्हतो, एवढंच.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकाला नवा कॅमेरा म्हणाला, "आजोबा, उद्या तुम्ही भंगारात! कार्ड वाचायला मी आहे."

"मी हात वाचतो रे," गंजकं फाटक म्हणालं. ते इतकं कललं होतं की तिथले कामगार ते जरा उचलूनच ढकलत.

तेवढ्यात गणवेश घातलेला चोर चोरलेलं कार्ड घेऊन आला. कॅमेऱ्यानं हिरवा दिवा लावला. चोरानं फाटक सरळ ढकललं आणि ते असं किंचाळलं की यंत्रंसुद्धा थबकली. रखवालदार दगडूमामांनी धावत येऊन त्याला धरलं.

कॅमेरा थक्क! "आजोबा, कसं ओळखलंत?"

"त्यानं मला उचललं नाही."

फाटक अजून तिथेच आहे. त्याचं बोलणं मी रचलं, किंचाळणं खरं.