खलातला निळा

“लाल जमला, हिरवा जमला. मग निळ्यालाच घोडं का अडलंय, उस्ताद? कधी शिकवणार?”

आनंदाने बत्ता न थांबवता विचारलं. जत्रेच्या शोभेच्या दारूत त्याचा हात चांगला बसला होता आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

कासम उस्ताद छपराच्या दाराशी चपला काढत होते.

“लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. दोघं आग सोसतात. निळा तांब्याचा. आग जरा चढली की निळा गेला, नुसती पांढरट भगभग.”

“मग आग उतरवायची! मी तोड काढलीय. तांब्याच्या क्षारात क्लोरेट घातलं, अन्...”

“अन् काय?”

“गंधक.”

उस्तादांचा हात चपलेवरच राहिला.

“हात थांबीव.”

आनंदा हसला. “का हो? चुकलं काय?”

“क्लोरेट अन् गंधकाला पेटायला काडी लागत नाही, पोरा. घासलं तरी पुरतं. म्हणून तर आपण दारू कागदावर हलवून मिसळतो. खलात घालत नाही.”

बत्त्याखाली एक दाणा करकरला. आनंदाला तो स्पष्ट ऐकू आला आणि त्याने बत्ता जागच्या जागी थांबवला.

“बत्ता उचलू?”

“नको.”

“मग सोडू?”

“नको... हलू नकोस.”

“उस्ताद, तुम्ही तरी बाहेर जा!”

उस्ताद आत आले. अनवाणी, जपून पाऊल टाकत. त्यांनी बादलीतून तांब्या भरला, आनंदासमोर बसले आणि खलाच्या कडेकडेनं पाणी सोडू लागले. थेंब थेंब.

पावडर भिजली. तिचा चिखल झाला. पाणी काठाला आलं, तेव्हा उस्तादांनी बत्ता आनंदाच्या मुठीतून हळूच सोडवून घेतला.

आनंदाला रडू फुटलं. हात इतके कापत होते की त्याने ते काखेत दाबून धरले, तरी थांबेनात.

“चुकलो, उस्ताद. लई भ्या वाटतंय. हे हात आता दारूला लागायचे नाहीत. मी घरी जातो.”

उस्तादांनी त्या हातांकडे पाहिलं.

मग त्यांनी आपल्या शेजारी गोणपाट अंथरलं.

“बस. हातांना भ्या कळलं, आता निळा शिकवतो.”