चांगूआयचं सोडण

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि गावात एकही घड्याळ नव्हतं, बायका भरती-ओहोटी बघून चुलीवर भात ठेवायच्या, त्या काळी खारतळी गावात चांगूआय होऊन गेली. तिला डोळ्यांनी पाहिलेल्यांची नातवंडंसुद्धा आता मातीआड झाली. तरी तिचं नाव काही बुजलं नाही. खाडी एवढं सगळं खाते, पण नाव तिला पचत नाही.

आधी खारतळी कशी आहे ते नीट समजून घ्या, नाहीतर गोष्ट नुसती कानावरून जाईल. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि मध्ये एक मातीचा बांध. बस. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी शेतांच्या वर पुरुषभर चढतं. बांधाआत भात लावणाऱ्या बायकांना होडीचा तळ आपल्या डोक्यावरून जाताना दिसायचा, असं म्हणतात. बांध फुटून पाणी आत घुसलं की त्याला खांड म्हणायचं. एक खांड गेली की शेत तीन वर्षं खारं, पिण्याचं तळं खारं, आणि माणसांच्या डोळ्यांतलं पाणी तर मुळातच खारं.

चांगूआयचा नवरा हिरू हा गावाचा बांधराख्या. तो एका खांडीत गेला. कमरेला बांधलेली दोरी तेवढी सापडली. गावाने म्हटलं, आता दुसरा गडी बघू. चांगू म्हणाली, "गडी कशाला बघता? बांध तोच, पाय माझे." लोक हसले, पण चालायला कोणी पुढे आलं नाही, म्हणून काम तिच्याकडे राहिलं.

ती बांधावर अनवाणी चालायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तळव्यांनी ती बांध वाचायची. कुठे माती घट्ट आहे, कुठे आतून पोकळ झाली, कुठे पाणी गुपचूप झिरपतं, हे तिला टाचेला कळायचं. पाऊल ठेवल्यावर जिथे ती थांबली, तिथे खणलं की हाताएवढं बीळ निघणारच. बांधाला कान लावला की समुद्र उद्या काय करणार हे तिला ऐकू यायचं, असंही म्हणतात. ऐकू येत असो वा नसो, वीस वर्षं तिने एक खांड जाऊ दिली नाही, हे खरं.

बांधाच्या बाहेरच्या अंगाला तेव्हा तिवराचं दाट रान होतं. चिखलात पाय रोवून उभी असलेली झाडं, एवढी गच्च की भरतीची लाट त्यातून येता येता दमून जायची. त्या रानात बगळे होते, कोल्हे होते, आणि पाणमांजरांचं एक मोठं कुटुंब होतं. सकाळी ओळीने पोहत जायची, दुपारी बांधाच्या पायथ्याशी जुन्या बिळात पडून राहायची.

आता गावचा पाटील जोमा. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला सगळं कळतं हा रोग त्याला होता, आणि त्या रोगावर औषध नाही. एका माघात बांधाची डागडुजी चालू असताना त्याला बांधात एक भलंमोठं बीळ दिसलं आणि त्या बिळातून पाणमांजर बाहेर पडताना दिसलं. झालं! त्याने गाव गोळा केलं.

"हीच ती बांध पोखरणारी. यांना मारा, आणि यांची लपायची जागा ती तिवरं, तीपण तोडा. बांध कसा साफ दिसला पायजे."

चांगूआय उठली. "जोमा, पाणमांजर बीळ पाडत नाय. बीळ पाडतो खेकडा. पाणमांजर खेकडं खातं नि त्याच्या रिकाम्या बिळात झोपतं. चोर पकडनाऱ्यालाच तू चोर म्हणतोस."

"काकी, तुझी नि पानमांजराची सोयरिक-बियरिक हाय काय गो?"

"हाय. तुझ्यापरीस जवळची. ती पोट भरल्यावर थांबतात तरी."

लोक पोट धरून हसले, पण हसून झाल्यावर पाटलाच्याच मागे गेले. माणसाची रीतच ती. दिसलेल्यावर विश्वास ठेवतो, आणि दिसलं तरी किती? बिळाचं तोंड. बीळ पाडणारा कोण, ते बघायला चिखलात बसावं लागतं.

पाच दिवसांत पाणमांजरं मारली. पंधरा दिवसांत तिवरं तोडून जाळली. बांध असा उघडा पडला, जसं डोकं भादरल्यावर दिसतं. आणि बांध राखायचं काम चांगूआयकडून काढून पाटलाच्या भाच्याला दिलं.

पहिल्या वर्षी काही झालं नाही. भात जोरात आला. लोक तिच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "बांध कसा लोखंड हाय, नाय?" ती ओटीवर बसून जाळं विणत असायची. मान वर करायची नाही.

दुसऱ्या वर्षी खेकडे झाले. असे झाले की चिखल हलतोय असं वाटावं. बायका टोपल्या भरभरून आणायच्या, घरोघर कालवण शिजायचं, आणि गाव म्हणायचं, बघा, सुखाचे दिवस आले. चांगूआयने त्या वर्षी एकही खेकडा तोंडात घातला नाही, असं म्हणतात.

तिसऱ्या वर्षी लाटा थेट बांधावर येऊन बसू लागल्या. मध्ये दमवायला झाडच नव्हतं ना! प्रत्येक भरतीला बांधाचं एकेक ढेकूळ जायचं. बाहेरून लाट चाटायची, आतून खेकडा पोखरायचा. पाटलाचा भाचा वहाणा घालून बांधावरून फिरायचा आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगायचा. काम काढून घेतलं तरी चांगूआय रोज चालत होती. एका सकाळी उत्तरेच्या वळणावर तिचं पाऊल पडलं आणि ती जागीच थांबली. तिथे बांध उरलाच नव्हता. वरून मातीची साय, आत नुसती जाळी. आणि त्या वळणामागे काय? गाव. गावाचं गोडं तळं. एकशे अकरा चुली.

तो दिवस श्रावणी पुनवेचा. वर्षातलं मोठं उधाण भरदुपारी येणार होतं.

ती पाटलाकडे गेली. तो नारळ सजवत बसला होता, खाडीला वाहायला. "जोमा, वळण आज जानार. माती टाकून भागनार नाय, वेळ गेली. पान्याला दुसरीकडे जागा दिली तरच वळण तगंल."

"जागा? कुठली जागा?"

"दक्षिनंची. खाडी तिथनं आधी येते. तिथला बांध कापला तर पानी तिकडच्या शेतांत पसरंल, वळनावरचा भार उतरंल. उधानाचा जीव दोन घटकांचा. तेवढा वेळ काढायचा हाय."

पाटलाच्या हातातला नारळ तसाच राहिला. दक्षिणेला दोनच शेतं होती. पहिलं चांगूआयचं, एवढंसं, तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. त्याला लागून पाटलाचं, गावातलं सगळ्यात मोठं. दोन्हींत लाल राताभात कमरेएवढा उभा होता.

"बांध कापायचा? सनाच्या दिवशी? काकी, बांध कापनाऱ्याला या गावात पानी देत नायत, ठाऊक हाय ना तुला?"

"ठाऊक हाय. म्हणून विचारायला नाय आले. सांगायला आले."

ती फावडं घेऊन निघाली. साठीची बाई, वाळलेली, काटकुळी, पण चालली अशी की मागे येणाऱ्यांना पळावं लागलं. बातमी तिच्याही पुढे पळाली. खाडीवर नारळ घेऊन जमलेली माणसं नारळ टाकून दक्षिणेच्या बांधावर धावली.

पाणी चढत होतं. उन्हात चकाकत, बिलकुल आवाज न करता चढत होतं. चांगूआयने स्वतःच्या शेतासमोर बांधावर पहिलं फावडं मारलं.

"धरा तिला!" कोणीतरी ओरडलं. "डोसकं फिरलंय म्हातारीचं!"

पाटील कोयता घेऊन पुढे आला. "काकी, फावडं टाक. नायतर हात तोडीन."

तिने मान वर केली नाही. "तोड. एका हातानं कापीन. शेत माझं, भात माझा, माझ्यापुढला बांध मी कापते. तुझ्याला बोट लावलं काय? आधी माझं."

आणि त्या दोन शब्दांवर पाटलाचा कोयता खाली आला नाही. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात बांधाच्या कापातून पाण्याची एक जीभ आत आली, मग हात, मग अख्खा बैल शिरावा तसं पाणी शिरलं. लाल भात एकदा वाकला, आणि परत उठला नाही. चांगूआय आपलं शेत बुडताना बघत उभी राहिली.

शेत भरायला कितीसा वेळ लागतो? एवढंसं तर शेत. दोन्ही शेतांमधल्या मेरेपर्यंत पाणी आलं आणि थांबलं. तोच उत्तरेकडून हाक आली, "वळण झिरपतंय! पानी येतंय! माती आना रे!" माणसं तिकडे पळाली. बांधाच्या अंगातून शंभर ठिकाणी पाण्याच्या चिळकांड्या उडत होत्या, एकेका खेकड्याच्या बिळातून एकेक. वळणावरच्या बायकांनी पेंढा कोंबला, पदर कोंबले, शेवटी पाठ लावून बसल्या.

दक्षिणेला मेरेवर फक्त दोघं राहिली. मेरेच्या अलीकडे पाणी, पलीकडे पाटलाचं शेत, कोरडं, वाऱ्यावर डुलणारं.

पाटील म्हणाला, "काप ना आता. काप. वाट कसली बघतेस?"

चांगूआयने फावडं त्याच्या पायाशी ठेवलं. "नाय. दुसऱ्याचं सोडायचा हक मला नाय. तुझं तूच सोड, नायतर राख."

"नि नाय सोडलं तर?"

"तर शेत राहील. गाव जाईल. नि तुला जन्मभर त्या शेतातला भात खावा लागंल."

पाटलाने एकदा शेताकडे पाहिलं. एकदा वळणाकडे. तिथे त्याची आठ महिन्यांची पोटुशी सून बांधाला पाठ लावून बसली होती. वळणाचा एक लचका सुटून पाण्यात पडला तो आवाज इथपर्यंत आला. लोक म्हणतात, तेवढ्या वेळात पाटलाचे केस पांढरे झाले. त्याने फावडं उचललं आणि मेर फोडली. मग वाकून, रडत, शिव्या देत, बाहेरचा बांधही फोडला. पाणी त्याच्या शेतात पसरलं, पसरतच गेलं.

वळणावरचं पाणी बोटभर उतरलं. मग चार बोटं. चिळकांड्या बंद झाल्या. बायकांच्या पाठीमागे बांध उरला होता तो वीतभर जाडीचा, असं म्हणतात. पण उरला. तळं गोडं राहिलं.

आणि त्याच भरतीबरोबर, तीन वर्षं कोणाला न दिसलेली पाणमांजरं आली. कुठून आली, देव जाणे. कापलेल्या बांधातून ओळीने पोहत आत शिरली, सात की नऊ, सांगणाऱ्यागणिक आकडा बदलतो, आणि चांगूआयच्या पायाशी डोकी वर काढून तिच्याकडे बघत राहिली. ती म्हणाली, "आलात? आता हितंच रावा." एवढंच.

पुढच्या माघात गावाने ठरवलं, दक्षिणेचा बांध परत बांधू, दोघांची शेतं परत देऊ. चांगूआय त्या खिंडारात मांडी घालून बसली. "दिलेलं माघारी घ्यायचं नाय. खाडीला दिली तेवढी जागा खाडीची. आज परत घ्याल तर उद्या ती वळणावरनं घेईल." पाटील पुढे आला, आणि सगळ्यांना वाटलं आता हा तिला उचलणार. तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

मग तिथे कोणी काही लावलं नाही. तिवरं आपली आपण उगवली. आधी बोटाएवढी, मग गुडघ्याएवढी, मग माणूस दिसेनासा होईल एवढी. बगळे आले, कोल्हे आले, थंडीत परमुलखातली चिखलपाखरं येऊन चिखलावर अशी बसायची की चिखल पांढरा दिसायचा. खेकडे होते, पण बेताने. खाणारी परत आली होती ना!

चांगूआयला कोणी मेलेली पाहिली नाही. एका ओहोटीला ती त्या रानात शिरली, जिथे माणूस छातीपर्यंत रुततो तिथे. तिची पावलं वरच्यावर उमटत गेली, एकही खोल नाही. आणि पुढल्या भरतीने सगळा चिखल धुतला, पण ती पावलं सात दिवस तशीच राहिली, असं म्हणतात.

आता त्या रानाला सरकारने राखीव केलंय, लोखंडी पाटी लावलीय, पाटीवर लांबलचक नाव आहे. ते नाव कोणी घेत नाही. खारतळी त्याला चांगूआयचं सोडण म्हणते, तिने खाडीला सोडलेली जागा म्हणून. आणि अजून दर माघात बांधाची बैठक बसते तेव्हा कोणी आधी तोंड उघडत नाही. ज्याची जमीन गावात सगळ्यात जास्त, त्याने उठून म्हणायचं, "आधी माझं." मगच बैठक सुरू.

बरीच वर्षं ते नुसतं म्हणण्यापुरतं होतं. म्हणायचं, खाली बसायचं, चहा प्यायचा. पण खाडी आता पुन्हा चढायला लागलीय, पश्चिमेचा बांध दरसाल हातभर जातोय. गेल्या माघात पद्मण पाटील उठला. आता सगळ्यात जास्त जमीन त्याची, आणि ती नेमकी पश्चिमेला. त्याला बोलायला फार वेळ लागला. बायका दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावले. शेवटी त्याने म्हटलं. म्हटलं, आणि खाली बसला नाही. कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि बाहेर पडला, आणि सगळं गाव त्याच्या मागून पश्चिमेच्या बांधाकडे चालू लागलं.